मुदत सरलेल्या फिल्मवरचा दस्तगीर

दस्तगीर, मी तुझ्यावर चिडलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण तू गेल्यापासून गावातला जो तो तुझ्याविषयी गोड बोलायला लागला आहे आणि ते ऐकून माझं डोकं उठतं. ज्यांनी तुला जन्मात कधी एक विडा दिला नाही, ते आता तुझ्या छातीची रुंदी हातांनी दाखवतात. दिलावर हत्तीनं तुला भर दुपारी, साठमारीच्या आखाड्यात, सगळ्या गावादेखत चिरडलं. आणि यातल्याच निम्म्या लोकांचं म्हणणं असं, की हत्ती नुसता निमित्त, दस्तगीरला मारलं ते फोटोवाल्यानं. फोटोवाला म्हणजे मी. तसं तोंडावर म्हणणाऱ्या एकाला मी तालमीच्या दारातच ठोकला. त्याचा ओठ फाटला, माझी मूठ सुजली. म्हणून हे अक्षर असं वेडंवाकडं येतं आहे, हसू नकोस. तुला तर सरळ अक्षरही वाचता येत नव्हतं.

आपली ओळखही माझं हाड मोडूनच झाली. तालमीत पहिल्याच दिवशी तू मला असा आपटलास, की कोपरातून हात उलटा झाला. मी बोंबलत होतो आणि तू माझ्यापेक्षा मोठ्यानं बोंबलत होतास, "आरं, ह्यो शेंगंवानी मोडला की." तूच मला पाठुंगळीला घेऊन हाडवैद्याकडे नेलंस. पुढे हात गळ्यात बांधलेला असेतोवर तुझ्या अम्मानं मला रोज बकऱ्याच्या पायाचा रस्सा पाजला. माझ्या घरी हे कळलं असतं तर वडिलांनी दुसराही हात मोडला असता. तो कोपर अजून पुरता सरळ होत नाही. कॅमेरा छातीशी धरायला मात्र तो वाकडा हात फार बरा पडतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

परगावचं कुणी आलं आणि साठमारी म्हणजे काय असं विचारलं, की तू खुलायचास. "मस्तीला आलेला हत्ती मोकळा सोडायचा आन् आपण त्याच्या म्होरं नाचायचं, पावणं. त्यो मारायला आला की बुरजात शिरायचं. शिरला त्यो साठमार, न्हाय शिरला त्यो मयत." खरंच एवढंच होतं ते. गोल दगडी भिंत, भिंतीवर दाटलेली माणसं, आत जागोजाग दगडी बुरूज आणि त्यांना माणूस आडवा होऊन कसाबसा शिरेल एवढी फट. हातात भाला नाहीतर तांबडं फडकं. हत्ती अगदीच अनावर झाला तर त्याच्या पायाला काटेरी चिमटा लावायचा, मग तो रक्तबंबाळ पायानं जागच्या जागी थरथरत राहायचा. जनावराला छळता आणि त्याला मर्दुमकी म्हणता, असं मी म्हटलं की तू भडकायचास. "आन् तू काय करतोस? जित्या मानसाला खुर्चीत बशिवतोस आन् मढ्यागत करून टाकतोस." या भांडणात कोण जिंकलं, ते ठरायचं राहूनच गेलं.

मढ्यागत हे तू माझ्या स्टुडिओतल्या रिवाजावरून म्हणायचास. मी "श्वास धरा" म्हटलं की गिऱ्हाइकानं श्वास धरायचा, आणि मी "झालं" म्हणेपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. एकदा एका पाटलांना "श्वास धरा" सांगून मी फोटो घेतला, आणि बाहेरून हाक आली म्हणून "झालं" न म्हणताच निघून गेलो. परत आलो तर पाटील लालबुंद होऊन तसेच बसलेले, आणि तू उंबऱ्यावर पोट धरून लोळतोयस. त्या दिवसापासून तुला त्या शब्दाचा नादच लागला. जेवण उरकलं की "झालं". कुस्ती मारली की पडलेल्याच्या छातीवर बसून "झालं". अम्मा वैतागायची आणि मी तुला फूस द्यायचो.

मग तिकडे युरोपात लढाई पेटली आणि फोटोचा ताजा माल येणं बंद झालं. काचेच्या प्लेटा होत्या त्या मी स्टुडिओतल्या गिऱ्हाइकांसाठी जपून ठेवल्या. तेवढ्यात लढाईवर निघालेल्या एका साहेबानं जाताना आपला छोटा कॅमेरा आणि फिल्मच्या रोलांनी भरलेली एक पत्र्याची पेटी मला देऊन टाकली. प्रत्येक डबीवर अमुक तारखेच्या आत धुऊन घ्यावी असं छापलेलं, आणि त्या तारखा केव्हाच सरलेल्या. फेकायला हात होईना म्हणून मी ती वापरायला लागलो, आणि हळूहळू मुदत गेलेल्या फिल्मचा स्वभाव कळत गेला. तिला ऊन जास्त लागतं. समोरचं तिला उमगायला वेळ लागतो, म्हणून समोरच्या माणसाला नेहमीपेक्षा जास्त थांबावं लागतं. आणि तिच्या कडा आधी मरतात. दमट हवा रोलच्या बाजूंनी आत शिरते, आणि फोटो छापला की कडेकडेनं पांढरं धुकं येतं. म्हणून जे हवं ते मधोमध ठेवायचं. मी हे सांगत होतो आणि तू शेंगा फोडत ऐकत होतास. शेंगा संपल्यावर म्हणालास, "तुजा कायदा आमच्या उलटा हाय की. आमच्यात मधी थांबला त्यो मेला, आन् कडंला पळाला त्यो वाचला." आपण दोघंही खूप हसलो होतो. आता मला त्या हसण्याचाच संताप येतो.

त्या फिल्मवर मी तुझे जेवढे फोटो काढले तेवढे सगळे फुकट गेले. हत्ती यायचा. सुळे यायचे, गालावरून ओघळलेला मद यायचा, बुरजाचा दगडन् दगड यायचा. तू मात्र नुसती धुराची एक रेघ, कारण तू थांबायचासच नाहीस. थांबत नव्हतास म्हणूनच तर संध्याकाळी घरी परत जायचास. अम्मानं एक फोटो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "हत्ती ब्येस आलाय. पर ह्यो धूर कुनाचा?" घरातले सगळे हसले. अमीनावहिनी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती, पडद्याआडून तीही हसली, आणि ते तुला लागलं. तिनं तुला आखाड्यात कधी पाहिलं नव्हतं आणि पाहणारही नव्हती. तिच्यापुढे ठेवायला तुझ्याजवळ तेवढा फोटोच होता.

मी म्हटलं, स्टुडिओत ये, खुर्चीत बस, झकास काचेवर काढतो. तू माझा रंगवलेला पडदा बघितलास, त्यावरचा जिना आणि गुलाबाच्या कुंड्या बघितल्यास आणि दारातून बाहेर थुंकलास. "खुर्चीत बसल्याला साठमार कुनी बघितलाय? हत्तीम्होरंच काढायचा. मी मधी हुबा ऱ्हातो, श्वास धरतो. तू 'झालं' म्हन, मी पळतो." मी नाही म्हटलं. तू पुन्हा पुन्हा येत राहिलास आणि मी पुन्हा पुन्हा नाही म्हणत राहिलो. शेवटी म्हणालो, हट्ट सोडला नाहीस तर वहिनीला जाऊन सांगेन. तेव्हा तू माझी गचांडी धरलीस आणि मला भिंतीवर दाबलंस. फळीवर वाळत ठेवलेल्या काचा खाली येऊन फुटल्या. "हत्ती येनार माज्यावर," तू म्हणालास, "आन् भ्यालास तू, तात्या." मग त्या काचा तुडवत निघून गेलास. आपलं शेवटचं बोलणं ते. मला त्याचं उत्तर द्यायचं होतं. मी भ्यालोच होतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, हे तुला तोंडावर सांगायचं होतं.

त्या दुपारी मी तुझ्यासाठी आलो नव्हतो, हे नीट ऐकून घे. महाराजांकडे पाहुणे आले होते आणि भिंतीवरून त्यांचे फोटो घ्यायचं काम माझ्याकडे होतं. दिलावर सुरुवातीपासूनच वेगळा वाटत होता. मद त्याच्या तोंडात झिरपत होता. तुझा जोडीदार येसबा, त्याच्या हातातला भाला त्यानं सोंडेनं ओढून घेतला आणि पायाखाली मोडला. मग येसबालाच एक तडाखा दिला. दोघा साठमारांनी येसबाला पाय धरून फरफटत बुरजात नेलं. त्याच्या बरगड्यांचा आवाज मला भिंतीवर ऐकू आला असं मला अजून वाटतं, पण तेवढ्या गलक्यात तो ऐकू येणं शक्य नाही. लोक पिसाळले होते. "मार, मार" ओरडत होते. ते हत्तीला सांगत होते की माणसांना, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं.

आणि तू बुरजातून बाहेर आलास. पळत नाही, चालत. आखाड्याच्या मधोमध येऊन उभा राहिलास, मान वर केलीस आणि एवढ्या गर्दीत मला शोधून काढलंस. कॅमेऱ्याच्या वरच्या चिमुकल्या काचेत मला तू नखाएवढा दिसत होतास. तू छाती भरून घेतलीस, श्वास धरलास आणि गप्प झालास. काचेच्या कडेला दिलावर वळताना दिसला. माझं बोट खाली गेलं. बोटाला धंदा ठाऊक असतो, दोस्ती ठाऊक नसते. आणि तोंडातून "पळ" निघालं. "पळ, पळ" म्हणून मी घसा फाटेस्तोवर ओरडलो.

तुला ते ऐकू आलं की नाही, की ऐकू येऊनही तू दुसऱ्याच शब्दाची वाट बघत राहिलास, मला माहीत नाही. दिलावर आला. त्यानं तुला सुळ्यावर घेतलं, वर फेकलं, खाली पडल्यावर तुझ्यावर गुडघा टेकला आणि मग पाय दिला. तुझं फडकं त्याच्या पायाला चिकटलं, ते निघावं म्हणून तो पाय झाडत राहिला आणि दर वेळी पाय तुझ्यावरच पडत होता. मग हत्तीला बुजवायला दारूचे बाण उडाले, चिमटा लागला, त्याचंही रक्त वाहायला लागलं, आणि मातीत तुझं कुठलं आणि त्याचं कुठलं ते कळेना. मागच्या लोकांना दिसत नव्हतं म्हणून ते पुढच्यांच्या खांद्यावर चढले. मी कॅमेऱ्यातली फिल्म पुढे सरकवली, निव्वळ सवयीनं.

तुला खांदा द्यायला मला कुणी अडवलं नाही, पण कुणी जवळही बोलावलं नाही. कबरस्तानातून घरी आलो, पेटीतले उरलेले सगळे रोल अंगणात ओतले आणि काडी लावली. ही फिल्म कशी जळते ते मला ठाऊक होतं, तरी मी मागे पडलो. भडका माझ्या डोक्याच्या वर गेला, भिवया होरपळल्या. शेजाऱ्यांनी घागरी आणून ओतल्या, तर ती पाण्यातही जळत राहिली. मला ते बरं वाटलं. मला आणखी काहीतरी जाळायचं होतं. कॅमेराही टाकायला उचलला होता, पण त्यात तू होतास.

मग पहार घेऊन हत्तीखान्यात गेलो. तिथे जाऊन काय करणार होतो, कुणास ठाऊक. दिलावर साखळदंडात उभा होता, चिमट्याच्या जखमांवर माशा बसल्या होत्या, आणि तो या पायावरून त्या पायावर झुलत होता. माहुतानं माझ्या हाताकडे बघितलं आणि बाजूला झाला. "मारा, तात्या. त्याच्या काय बी ध्येनात न्हाय." मी पहार दगडी खांबावर हाणली. हाणतच राहिलो. खांबाची ढलपी उडून माझा गाल फाटला. हत्तीनं तेवढ्यापुरतं झुलणं थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं. मी पहार तिथेच टाकून आलो.

त्यानंतर अम्मा स्टुडिओत आली. वहिनी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या त्या दिवसांत तिला घराबाहेर पडायचं नाही, म्हणून अम्मा. उभ्या उभ्याच बोलली. "सून इचारतीया. लोक म्हनत्यात, फोटोपायी थांबला. तुज्या त्या पेटीत दिसंल म्हनं खरं काय ते." मी म्हटलं, दिसेल. फिल्म जुनी, तिला वेळ लागतो, म्हणूनच दिसेल. तू रेघ होऊन आलास, तर माझं बोट खाली जाईस्तोवर तू पळायला निघाला होतास आणि हत्तीनं गाठलं, ते तुझ्या धंद्यातलं मरण. स्वच्छ आलास, तर तू फोटोसाठी थांबलास. अम्मानं ते सगळं ऐकून घेतलं. "मंग धू," म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली. तुझ्याच जागेवर.

आत तांबडा दिवा लावला. असल्या फिल्मसाठी धुण्याच्या पाण्यात ब्रोमाइडची पूड चिमूटभर जास्त घालावी लागते, नाहीतर धुकं सगळंच गिळून टाकतं. दोन टोकं दोन हातांत धरायची आणि फिल्म तबकातल्या पाण्यातून खालीवर ओढत राहायची. मूठ सुजलेली, कोपर वाकडा, आणि मी तुझी मनधरणी करत होतो, की रेघ होऊन ये. लेका, एवढं एकदा धूर होऊन ये. आपला फोटो बिघडावा म्हणून कुठल्या फोटोवाल्यानं देवाला साकडं घातलं असेल, तर ते मी. आधी पाहुण्यांचे फोटो आले, अर्धेमुर्धे मेलेले. मग शेवटची चौकट उमटायला लागली. कडा गेल्या होत्या. मधोमध तू आलास. मिशी आली, नाक आलं, गळ्यातला ताईत आला, ताइताचा दोरासुद्धा आला.

छापल्यावर बघितलं. दिलावर कुठेच नव्हता. तो डाव्या कडेला होता हे मला पक्कं माहीत, पण ती कड मेली होती, तिथे फक्त पांढरं धुकं. असल्या फिल्मला तांबडं दिसत नाही, म्हणून तुझ्या हातातलं फडकं काळं आलं होतं. बाकी तू जसाच्या तसा. छाती भरलेली, नजर थेट माझ्यावर आणि डोळ्यांत हसू. इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. मी तबक उचलून भिंतीवर आदळलं. फिल्मच खराब निघाली, असं बाहेर येऊन सांगणं सोपं होतं. जुनीच होती, अम्मानं मानलं असतं. पण तिनं मला रस्सा पाजला होता. मी तो ओला फोटो घेतला आणि तिच्यामागून तुझ्या घरी गेलो.

घरी पोचल्यावर अम्मानं तो आधी आपल्या हातात घेतला. "ह्या टायमाला धूर न्हाय," एवढंच म्हणाली आणि पडद्याच्या आत दिला. मी भिंतीला टेकून वाट बघत होतो. वहिनी शिव्या देईल, तळतळाट देईल, काहीतरी फेकून मारेल, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं.

"हत्ती कुटं हाय, भावजी?"

"कडेला होता, वहिनी. ती कड मेली."

"श्वास धरलाय न्हवं ह्यानं?"

मी हो म्हटलं.

"मला घरात करून दावायचा. चुलीम्होरं हुबा ऱ्हायचा, छाती भरून. म्हनायचा, ह्यो बग, असा येनार हाय मी. आन् म्या 'झालं' म्हनस्तवर हालायचा न्हाय. म्या बी लौकर म्हनायची न्हाय. लई लाल व्हायचा." ती हसली. मग ते हसणं मोडलं आणि आत भांडं आपटल्याचा आवाज आला. अम्मा उठली, पण आत गेली नाही. वहिनी ओरडून रडत होती, तुझ्या नावानं, तुझ्या हट्टाच्या नावानं, आणि ती जे जे म्हणत होती ते सगळं मलाही म्हणायचं होतं. शेवटी ती थांबली.

"भावजी, तुमी म्हनला व्हता का?"

"काय?"

"झालं."

"नाही," मी म्हणालो. "मी पळ म्हणालो."

"मंग म्हना की आता," ती पडद्याआडून म्हणाली. "त्यो अजून तसाच हुबा हाय."

तिच्यासमोर मी तो शब्द म्हटला नाही. मी उठून आलो. तेव्हापासून तो शब्द तोंडात घेऊन हिंडतो आहे, स्टुडिओत गिऱ्हाईक बसलं की नुसती मान हलवतो, आणि ती बिचारी माणसं श्वास धरून माझ्याकडे बघत राहतात. माझा राग गेलेला नाही, दस्तगीर. तो जाणार नाही. भ्यालास म्हणालास त्याचं उत्तर तुला ऐकवायचं आहे, साठमारीचं भांडणही अर्धं राहिलं आहे. तुझ्या कबरीशी येऊन मी ते पुरं करेन, आणि तुला निमूट ऐकून घ्यावं लागेल. पण ते नंतर. तू असा छाती भरून ताटकळत उभा आहेस आणि माझ्याकडेच बघतो आहेस, ते मला बघवत नाही.

झालं, दस्तगीर. हल आता.